कळ एक, अक्षरे दोन : दोष कोठे आहे?

शाळेच्या संगणकावर तुम्ही ‘क’ एकदाच दाबता आणि पडद्यावर ‘कक’ उमटते. शेजारच्या यंत्रावर एक कळ मुळीच दाद देत नाही. तिसऱ्यावर भलतेच अक्षर येते. अशा वेळी कोणी म्हणतो, कळफलक फेकून द्या. कोणी म्हणतो, सगळे पुसून प्रणाली नव्याने भरा. पहिल्या उपायात शाळेचे पैसे जातात. दुसऱ्यात एखाद्या विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प पुसला जाऊ शकतो. हे दोन्ही उपाय म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय.

यंत्रावर लिनक्स प्रणाली असेल तर नाडी पाहणे सोपे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीची आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या वाटेवर जागोजागी थांबून आत डोकावण्याची सोयही तिच्यात आहे.

ही वाट कशी आहे ते आधी पाहू. साध्या कळफलकाच्या पोटात प्लॅस्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात. त्यांवर विद्युत्वाहक शाईने रेघा ओढलेल्या असतात. एकावर आडव्या, दुसऱ्यावर उभ्या अशी कल्पना करा. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकतात. आतली छोटी चकती, म्हणजे चिप, या रेघा क्रमाक्रमाने सतत तपासत असते. कोणत्या छेदबिंदूवर जोड झाला हे तिला कळते आणि ती संगणकाकडे एक क्रमांक धाडते. नीट लक्षात घ्या : कळफलक अक्षर पाठवतच नाही, तो फक्त क्रमांक पाठवतो. लिनक्सचा गाभा त्याचे रूपांतर स्वतःच्या क्रमांकात करतो. ‘के’ या इंग्रजी कळीचा तेथील क्रमांक ३७. या ३७ चा अर्थ इंग्रजी ‘के’ घ्यायचा की इन्स्क्रिप्ट मांडणीतला ‘क’, हे अगदी शेवटी ठरते.

आता परीक्षा. ‘ईव्हीटेस्ट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम शिक्षकांकडून यंत्रावर भरून घ्या. तो चालवायला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर शेजारी बसून कोणीही तुमचा पासवर्ड वाचला असता! प्रोग्रॅमने दाखवलेल्या यादीतून कळफलक निवडा आणि संशयित कळ दाबा. प्रत्येक घटनेची ओळ उमटेल. तीत वेळ, कळीचा क्रमांक आणि एक किंमत असते. १ म्हणजे कळ दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे दाबून धरली आहे.

भलते अक्षर येते, पण येथे ३७ बरोबर दिसतो? मग कळफलक निर्दोष आहे. भाषेची मांडणी बदला. कळ मेल्यासारखी वाटते, पण १ आणि ० उमटतात? मग ‘स्लो कीज’ ही सोय चालू झाली आहे का ते पाहा. काही यंत्रांवर शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की ती चालू होते, आणि त्यानंतर कळीला नुसता स्पर्श पुरत नाही. ओळच उमटली नाही तर मात्र दोष खालच्या टप्प्यांत आहे. त्याच वेळी आणखी तीन-चार कळा बंद असतील तर बहुधा त्या सर्वांची एक रेघ तुटली आहे. अशा कळा फलकावर शेजारी-शेजारीच असतील असे नाही.

‘कक’चे प्रकरण सर्वांत मनोरंजक. त्याची कारणे दोन, आणि त्यांचे ठसे वेगळे. कळ चिकटून खाली राहिली असेल तर १ नंतर सर्वसाधारणपणे २५० मिलिसेकंदांनी २ येतो, पुढे दर ३३ मिलिसेकंदांना २, २, २ अशी रांग लागते. ० येतच नाही. दुसरे कारण म्हणजे स्पर्शबिंदूची थरथर. दोन वाहक पृष्ठभाग टेकताना चेंडूसारखे किंचित उसळतात. चिप काही मिलिसेकंद थांबून ही उसळी गाळते, पण स्पर्शबिंदू झिजला वा मळला की थरथर लांबते आणि गाळणीतून निसटते. तेव्हा ओळी १, ०, १, ० अशा दिसतात.

ही दुसरी १ तुमच्या बोटाची नाही हे कशावरून? मोजा! एकाच बोटाने चांगली कळ जमेल तितक्या वेगाने ठोका. सेकंदाला साधारण सहा-सात ठोके बसतील, म्हणजे दोन ठोक्यांत १५० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर. बिघडलेल्या कळीच्या दोन १ मध्ये अंतर अवघे २० किंवा ३० मिलिसेकंद असेल, तर बोट निर्दोष ठरले.

उपायाला आधी कळफलकाची वायर काढा. कळीची टोपी हलकेच उचला, धूळ झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापडाने पुसा आणि पुरते वाळू द्या. मात्र टोपीखाली पापुद्रे बंद असतील तर तेवढ्याने भागेलच असे नाही. तोवर काम अडू नये म्हणून सेटिंग्जमधील ‘बाउन्स कीज’ ही सोय लावा. ठरावीक काळात तीच कळ पुन्हा आली तर ती मोजलीच जात नाही. ही सोय लावल्यावर पडद्यावर एकच ‘क’ दिसेल. ईव्हीटेस्टमध्ये मात्र १, ०, १, ० पूर्वीसारखेच दिसत राहील, कारण तो डोकावतो ती खिडकी वाटेत या गाळणीच्या अलीकडे आहे.