धोतऱ्याचे परागकण, केळीचा कंद
जळगाव जिल्ह्यात केळीची लागवड पूर्वी कंदांपासून होई. आता तिथल्या बऱ्याच बागा ‘ग्रँड नैन’ वाणाच्या टिश्यूकल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या, रोपांच्या आहेत. कंदाबरोबर सूत्रकृमी आणि सोंडकीड नव्या शेतात येतात. बाटलीत वाढलेल्या रोपाबरोबर ती येत नाहीत. मातृझाड नीट तपासलेले असेल, तर विषाणूही टळतात. शिवाय रोपे एकाच वयाची असल्याने बाग जवळपास एकदम निसवते.

विषाणू टाळण्याची युक्ती फ्रान्समधली. झॉर्झ मोरेल आणि क्लोद मार्तँ यांनी १९५२ मध्ये रोगट डेलियाच्या शेंड्याचे अगदी बारीक टोक वाढवून निरोगी झाड मिळवले. त्या टोकात रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू तिथवर सहसा पोचत नाही. मात्र असे रोप रोगमुक्त असते, रोगप्रतिकारक नसते. विक्रीच्या बोलण्यात हा फरक सोयीस्करपणे गळतो. शेतात मावा आला, की त्याच्यामार्फत पसरणारा कुकुंबर मोझॅक विषाणू टिश्यूकल्चरच्या केळीलाही गाठतो.

केळीत मातृझाडाची हुबेहूब नक्कल हवी असते. नवा वाण काढणाऱ्याची अडचण निराळी: संकरानंतर वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या निवड करत बसावे लागते. ही वाट धोतऱ्याने आखूड केली. शंकराच्या पिंडीखेरीज ज्याला कुठे मान नाही, तोच हा धोतरा! दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि पंचानन माहेश्वरी यांनी त्याचे परागकोष पोषक माध्यमावर ठेवले. परागकणाने नलिका काढून बीजांड गाठायचे असते; इथे काही परागकणांनी ते काम सोडून थेट भ्रूण घडवले. १९६४ मध्ये ‘नेचर’ने हे प्रसिद्ध केले. या भ्रूणांच्या रोपांत गुणसूत्रे चोवीसऐवजी बारा. कोल्चिसिन हे रसायन देऊन ती दुप्पट केली, की प्रत्येक जनुकाची जोडी तंतोतंत जुळते आणि शुद्ध वाण एका पिढीत हाती येतो. जपान आणि चीनमध्ये हे तंत्र तंबाखू, भात, गव्हासाठी वापरले गेले. शिप्रा गुहांचे नाव मात्र वनस्पतिशास्त्राच्या वर्गाबाहेर आजही फारसे कोणी घेत नाही.

याच तंत्राने औषध बनवायचे असेल, तर झाड उभेच करायचे नसते. पेशी टाक्यांत वाढवायच्या आणि त्यांनी बनवलेले द्रव्य काढून घ्यायचे. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल सुरुवातीला पॅसिफिक यू या सावकाश वाढणाऱ्या अमेरिकी वृक्षाची साल सोलून मिळे, आणि साल गेली की झाडही जाई. पुढे ते यूच्या टाकीतल्या पेशींपासून मिळू लागले. गाजराच्या पेशींत मानवी जनुक घालून बनवलेले, गोशे या आनुवंशिक विकारावरचे विकर अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाले.

सदाफुली मात्र अजून वळलेली नाही. तिच्यातल्या व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधांच्या घडणीचे टप्पे पानातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत वाटलेले असतात. टाकीतल्या पेशींत ही वाटणी नसते, त्यामुळे साखळी मध्येच तुटते. अनेक दशके खटपट होऊनही ही द्रव्ये मुख्यतः शेतातल्या सदाफुलीच्या वाळवलेल्या पानांतूनच काढली जातात.