घराचं दफ्तर (लेखांक ९) : नाताळची वही

मागच्या आठवड्यात जुनी पत्रं कशी सांभाळायची ते पाहिलं. आज नव्याने सुरू करायच्या एका वहीबद्दल. आगमनकाळाचे चार रविवार सुरू झाले की वसईतल्या वाड्या, नगरमधली ख्रिस्ती घरं, गोव्यातली गावं सगळीकडे लगबग असते. गोठ्यासाठी पेंढा येतो, चांदण्यांचे कंदील माळ्यावरून खाली उतरतात, तळणाचा दिवस ठरतो. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून गोव्यात मुलं नाचणी पेरून कोंब काढतात. याच दिवसांत एक कोरी वही घरात यावी, दरवर्षी नाताळला तिची दोन-चार पानं भरावीत आणि ती पुढच्या पिढीकडे जावी, असं मला मनापासून वाटतं.

अशा वह्या पुष्कळ घरांत सुरू होतात आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतात. पहिल्या वर्षी आपण सणाचं वर्णन करतो: मध्यरात्रीची मिस्सा, केक, नवे कपडे, पाहुणे. ते दरवर्षी सारखंच असतं, मग दुसऱ्या वर्षी पेन अडतं. म्हणून सणाचं वर्णन बाजूला ठेवा आणि त्या वर्षीचं घर लिहा. चोवीस डिसेंबरच्या रात्री घरात किती माणसं झोपली, अंथरुणं कुठे कुठे पडली. कोणाला रजा मिळाली नाही. मिस्सेला कोण कोणाच्या गाडीतून गेलं. नारळ केवढ्याला मिळाला. कॅरल गाणारी पोरं आपल्या दारात आली तेव्हा किती वाजले होते. जेवताना कोणाची जागा पहिल्यांदाच रिकामी होती. चाळीस वर्षांनी नातवंडं नेमकं हेच शोधतील आणि ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या तारखा चर्चच्या नोंदवह्यांत असतातच, काही घरांत त्या कुटुंबाच्या बायबलच्या कोऱ्या पानांवरही लिहिलेल्या असतात. त्या तारखांच्या मधलं जगणं मात्र घरानेच लिहून ठेवावं लागतं.

लिहिता येत नाही, ही सबब मला पटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचं १९१९ साली निधन झालं. पुढे मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून जे आकाराला आलं त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये ‘स्मृतिचित्रे’ म्हणून छापला गेला. मराठीतलं हे थोर आत्मचरित्र मुळात घरातल्या घरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यातलं स्वयंपाकघर, रुसवेफुगवे, दारात आलेली माणसं वाचताना ते सगळं काल घडल्यासारखं वाटतं, कारण लक्ष्मीबाई बोलतात तशाच लिहितात.

वहीत भाषाही तशीच राहू द्या. वसईत घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलत असाल तर तीच लिहा, गोव्यात कोंकणी बोलत असाल तर कोंकणी. आजीला लिहिता येत नसेल तर नातवाने समोर बसून तिचं बोलणं टिपून घ्यावं, पण ‘शुद्ध’ करू नये. तिचा शब्द कळला नाही तर तो जसा ऐकला तसा लिहून शेजारी अर्थ द्यावा. शाळेच्या आणि टीव्हीच्या मराठीपुढे घरातली बोली मागे पडतेय, आणि ती बोलणारं शेवटचं माणूस गेल्यावर हळहळून उपयोग नाही. सगळ्यांच्या हाताची अक्षरंही पानावर यायला हवीत. पाच वर्षांच्या मुलाला फक्त स्वतःचं नाव लिहिता येत असेल तर तेवढं पुरे. आखातात किंवा कॅनडात असलेल्या भावाने कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून टपालाने पाठवाव्यात आणि तो कागद त्या वर्षीच्या पानाला जोडावा.

आता पदार्थ. या वहीतली सर्वांत जास्त वापरली जाणारी पानं हीच असतील, म्हणून इथे थोडी मेहनत घ्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. गोव्यात दोदोल, नेवऱ्या, कलकलं. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत वर्षभराचा बॉटल मसाला उन्हाळ्यातच कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला असतो आणि नाताळच्या रस्स्याला तोच पडतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते आईच्या हातात असतं. ‘अंदाजाने घाल’ हे उत्तर वहीत उतरवून काहीच हाती लागत नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे. आई मूठ भरून रवा घेते तेव्हा खाली वजनकाट्यावर ताटली ठेवा आणि आकडा लिहून घ्या. तिची नेहमीची वाटी पाण्याने भरा, ते पाणी मोजपात्रात ओता आणि किती मिलीलिटर भरलं ते लिहा. ती वाटी फुटली, हरवली तरी माप राहील. कढईतल्या तेलात पिठाचा गोळा टाकल्यावर तो किती वेळात वर येतो हेसुद्धा लिहा. बिघडलेला घाणा आणि तो का बिघडला, याची नोंद तर चांगल्या घाण्यापेक्षा मोलाची.

वही कोणती घ्यावी? शाळेची स्वस्त वही नको. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते न काढलेला कागद हवा-उजेडाने पिवळा पडतो आणि पुढे तुटू लागतो. वर्तमानपत्राचं काय होतं ते आपण पाहतोच. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला, आम्लमुक्त कागद टिकतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथे असा कागद मिळतो. शिवलेली बांधणी घ्या. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं सुटतात. मोडी दफ्तरं इतकी वर्षं वाचता येतात, कारण जुनी शाई काजळाची, म्हणजे कार्बनची होती. आज तशी टिकाऊ शाई म्हणजे पाण्याने न फुटणारी पिगमेंट शाई, आणि तीही नसेल तर साधी पेन्सिल. पेन्सिलीचं शिसही कार्बनच.

फोटो सेलोटेपने चिकटवू नका. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. कोपऱ्यांना कागदी खाचा करून त्यांत फोटो अडकवा आणि मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. ‘आत्या’ एवढंच लिहून चालणार नाही, कुणाची आत्या ते लिहा. दुकानाच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात, त्यांवरचे आकडे काही वर्षांत नाहीसे होतात. किंमत जपायची असेल तर ती हाताने उतरवून घ्या. लॅमिनेशनच्या फंदात पडू नका, त्यातून कागद पुन्हा धड बाहेर काढता येत नाही.

कोकणपट्टीत खरा शत्रू पावसाळा. दमट कपाटात बुरशी येते आणि कसर खळ खाते. पोथी बांधतात तशी वही धुतलेल्या सुती कापडात बांधा, भिंतीला न टेकणाऱ्या फळीवर आडवी ठेवा आणि पाऊस सरल्यावर सावलीत उघडून वारं दाखवा. दर नाताळला नवीन पानांचे फोटो काढून निदान दोन भावंडांकडे ठेवले तर पूर-आग यांची धास्ती उरत नाही.

राहिला वारसा. वही कोणाकडे राहणार हे पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा, कारण माणूस गेल्यावरच्या वाटणीत असल्या वस्तूंवरून खरी भांडणं होतात. मला स्वतःला फिरती राखण आवडते: ज्या घरी त्या वर्षी सगळे जमतील, त्या घरी वर्षभर वही. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क संपला, असं होता कामा नये. तिच्या सासरचा नाताळही याच वहीत यावा.

पुढच्या आठवड्यात : आजोळच्या जमिनीचे जुने नकाशे आणि सातबारा कसे वाचायचे.