संगणकावर बसले, पण अंगी लागेल का?

"डॉक्टर, आता नवी औषधे संगणकच शोधतो म्हणे. खरे का?" असे अलीकडे रुग्ण विचारतात. उत्तर 'निम्मे खरे' असे आहे. कोणते निम्मे, ते आज पाहू.

आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने असतात. रोगजंतूंची स्वतःची वेगळी. प्रथिनाला ठरावीक आकार असतो आणि त्यात बहुधा एखादी खोबण असते. त्या खोबणीत नेमका बसणारा रेणू मिळाला, की त्या प्रथिनाचे काम रोखता येते. बरीचशी औषधे याच रीतीने चालतात. पेणच्या वाचकांना साचा म्हणजे काय हे सांगायला नकोच! इथे फरक एवढाच, की साचा निसर्गाने दिलेला असतो आणि त्यात बसेल अशी मूर्ती आपण घडवायची असते. शिवाय हा साचा प्लॅस्टरसारखा ताठ नसतो, रबरी साच्यासारखा हलतो, वाकतो. संगणकाचे गणित अवघड होते ते तिथेच.

ही युक्ती संगणकाच्याही आधीची आहे. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाने रक्तदाब झपाट्याने उतरतो. त्या विषातले काही घटक रक्तदाब वाढवणाऱ्या एका प्रथिनाला अडवतात, असे आढळले. त्या प्रथिनाचा आकार तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. अमेरिकेतील स्क्विब कंपनीचे ऑन्डेटी व कुशमन यांनी त्याच्यासारख्या दुसऱ्या प्रथिनावरून खोबणीचा अंदाज बांधला आणि त्यात बसेल असा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल; अमेरिकेत १९८१ साली त्याला मान्यता मिळाली. मूळ प्रथिनाचा खरा आकार दिसला तो २००३ साली! आज पेण-रोह्यात अनेकजण घेतात त्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या त्याच घराण्यातल्या.

पण याच गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. कारण तेच प्रथिन शरीरातले ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य मोडून टाकण्याचेही काम करते. ते अडले की द्रव्य साठते आणि घसा खवखवतो. खोबणीच्या हिशेबात हा खोकला नव्हता. गोळ्या वापरात आल्यावर तो ध्यानात आला. (असा खोकला लागल्यास गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टर दुसऱ्या गटातली देतात.)

आता संगणकाकडे वळू. लाखो रेणू एकेक करून खोबणीत बसवून पाहायचे आणि न बसणारे बाजूला काढायचे, हे काम तो करतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. जुलै २०२० मध्ये कोरोनावरील औषधांच्या शोधासाठी सरकारने देशभर स्पर्धा घेतली, तीतही सी-डॅकचा सहभाग होता. प्रथिनांचे आकार संगणकाने ओळखण्याच्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. फायदा मोठा आहे. एक नवा पदार्थ तयार करून शुद्ध करायला किती खटपट पडते, हे धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना विचारा. लाखांतून मूठभर रेणू उरले, तर तेवढेच बनवावे लागतात.

मात्र तो रेणू पोटात टिकेल का, यकृत त्याचे काय करील, किती मात्रेत विषारी ठरेल, याची खात्री संगणक देत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, प्राणी आणि मग माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या लागतात. त्यात वर्षे जातात आणि बहुतेक रेणू गळतात.

२०२० मध्ये नेमका इथेच घोळ झाला. गुळवेल, अश्वगंधा यांतील द्रव्ये कोरोना विषाणूच्या प्रथिनात 'बसतात', असे संगणकावरचे निष्कर्ष आले आणि बातम्यांत त्याचे 'औषध सापडले' होऊन गेले. घरोघरी काढे तर आधीच उकळत होते. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधील असे सहा रुग्ण नोंदवले, ज्यांनी गुळवेल घेतली होती आणि ज्यांच्या यकृताला इजा झाली होती. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते ते खरे असले तरी काळजी कमी होत नाही. बाजारातून आणलेल्या काड्या कोणत्या वेलीच्या, हे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येते?

तेव्हा कोणी काढा नियमित घेत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे, विशेषतः यकृताचा जुना विकार असेल तर. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच दिवशी थांबवून रक्ताची यकृत-तपासणी करून घ्यावी.