घरच्या शाळेचा अभ्यासक्रम

मूल सहा वर्षांचे झाले की त्याला शाळेत घालावयाचे, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही निवड करावयाची असते असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि काही कुटुंबे पहिली दोन-तीन वर्षे मुलाला घरीच शिकवावयाचे ठरवितात. कोणाची नोकरी सतत बदलीची असते, कोणाचे मूल प्रकृतीने नाजूक असते, कोणाला भरगच्च वर्गाची धास्ती वाटते. महाराष्ट्राबाहेर इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूर यांसारख्या शहरी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींना आपल्या मुलाने प्रथम आपल्या भाषेत वाचावे असे वाटते, आणि सोयीच्या अंतरावर मराठी शाळा मात्र नसते. कारण कोणतेही असो, निर्णय होताच पुढे उभा राहतो तो प्रश्न एकच : शिकवावयाचे ते कोणत्या अभ्यासक्रमाने?

या प्रश्नाचे उत्तर पालक बहुधा पुस्तकांच्या दुकानात शोधू लागतात. रंगीत पुस्तकांचे संच, सरावाच्या वह्या, चित्रांचे तक्ते यांनी घर भरते आणि मन मात्र अधिकच गोंधळते. याचे कारण असे की पुस्तक आणि अभ्यासक्रम या दोन निराळ्या वस्तू आहेत. 'अभ्यासक्रम' या शब्दातच क्रम आहे. आधी काय, मागून काय आणि कशावाचून काय अडते, हे ठरविणे म्हणजे अभ्यासक्रम. पुस्तक हे त्याचे केवळ साधन. सहा ते आठ या वयात ज्यांना कडक क्रमाची गरज आहे अशा गोष्टी फार थोड्या आहेत : वाचन, लेखन आणि गणना. त्या तिहींचा क्रम नीट निवडला, म्हणजे बाकीच्या विषयांना मोकळे सोडता येते. हे उलटे झाले, म्हणजे इतर दहा विषयांचे वेळापत्रक आखले आणि वाचन-गणनेची वीण सैल राहिली, तर त्याची किंमत पुढे मुलाला मोजावी लागते.

घरी शिकविणाऱ्यांसाठी तयार अभ्यासक्रम पुरविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या कॅल्व्हर्ट शाळेचे मुख्याध्यापक व्हर्जिल हिल्यर यांनी १९०६ साली टपालाने पाठ पाठविण्याची योजना सुरू केली. दूर देशी किंवा आडगावी राहणाऱ्या कुटुंबांना वर्षभराचे पाठ घरपोच मिळू लागले. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी लहान धडे, उत्तम गोष्टींची पुस्तके आणि ऐकलेले मुलाने आपल्या शब्दांत परत सांगणे, यांवर भर दिला. पुढे अमेरिकेतील जॉन होल्ट यांनी १९७७ पासून आपल्या नियतकालिकातून याच्या अगदी उलट मत मांडले : मुलाच्या जिज्ञासेमागून जावे, आखीव अभ्यासक्रमाची सक्ती करू नये. आजचे बहुतेक गृहशिक्षण या तीन वाटांपैकी एखादीने जाते. पहिल्या वाटेने आईबापांचा भार हलका होतो, पण मूल संचाच्या वेगाने ओढले जाण्याचा धोका असतो. दुसरीला चांगली पुस्तके आणि वाचून दाखविणाऱ्याचा वेळ लागतो. तिसरीला पालकाची सदैव जागी असलेली नजर लागते; ती नसेल तर मोकळीक आणि हयगय यांतील अंतर पुसले जाते.

भारतात हा विचार करताना कायद्याची चौकट ध्यानात घेणे अवश्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम सांगते. ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचाही त्यात उल्लेख नाही. ज्यांनी ही वाट धरावयाची त्यांनी ही संदिग्धता जाणूनच ती धरावी. त्याच कायद्याचे चौथे कलम मात्र दिलासा देणारे आहे. जे मूल शाळेत गेलेले नाही त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे परतीचे दार उघडे आहे. यावरून निवडीची पहिली कसोटी निघते : उद्या मूल शाळेत गेले तर ते अडखळू नये, इतपत तरी घरचा क्रम देशातील सर्वसाधारण क्रमाशी जुळता असावा.

तो सर्वसाधारण क्रम कोणता, हे जाणण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ साली त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०२१ साली, सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेने प्रत्येक इयत्तेची उद्दिष्टे थोडक्यात सांगितली. पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य वाचता यावे आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. दुसरीत संख्या ९९९ पर्यंत जाव्यात, तिसरीत ९९९९ पर्यंत. इतके लहान हे माप आहे. पुण्याची 'बालभारती' आणि दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांची पाठ्यपुस्तके संगणकावर वा फोनवर विनामूल्य उतरवून घेता येतात. महागडा संच घेण्यापूर्वी पालकांनी ती एकदा तरी समोर ठेवून पाहावीत.

आता वाचनाकडे वळू. इंग्रजी वाचनासाठी तयार केलेले संच अक्षरांची नावे आणि त्यांचे उच्चार यांतील तफावत मुलाला उलगडून दाखविण्यात बराच काळ घालवितात, आणि त्या भाषेपुरते ते योग्यच आहे. देवनागरीचा स्वभाव निराळा. येथे अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार बहुतांशी एकच असतो. अडचण येते ती काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांपाशी. म्हणून मराठीच्या अनेक प्राथमिक पुस्तकांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून 'ग म भ न' अशा, वळणाने एकमेकांच्या जवळच्या अक्षरांनी आरंभ केला. थोडी अक्षरे हाती आली की लगेच त्यांचे शब्द बनावेत, मग काना यावा, मग आणखी शब्द, हा तो क्रम. ज्या पुस्तकात अ ते ज्ञ संपेपर्यंत मुलाला एकही शब्द वाचावयास मिळत नाही, ते कितीही सुबक छापलेले असले तरी आरंभासाठी कच्चे समजावे. मराठीची काही खास वळणेही आहेत. 'चहा' आणि 'चमचा' यांतला आरंभीचा च लिहिताना एकच, पण बोलताना दोन तऱ्हांचा. घरात मराठी बोलणारे मूल हा भेद शिकविल्यावाचून जाणते. घराबाहेर दुसरी भाषा ऐकणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.

परप्रांतातील मराठी पालकांची खरी कोंडी येथेच आहे. मुलाला उद्या इंग्रजी, हिंदी किंवा कानडी शाळेत जावयाचे आहे, मग मराठी वाचनात वेळ का दवडावा, असे त्यांना वाटते. परंतु मूल वाचावयास शिकते ते मुळात एकदाच. कागदावरील खुणांतून अर्थ निघतो, हा शोध ज्या भाषेत विचार चालतो तिच्यात लवकर लागतो. नंतरच्या लिपी त्याच शोधावर उभ्या राहतात. मराठी वाचणाऱ्या मुलाला हिंदीची लिपी जवळजवळ फुकटच मिळते. याउलट, आधी परक्या भाषेत उच्चार करावयास शिकलेले मूल पानेच्या पाने घडाघड वाचते, पण काय वाचले ते त्याला सांगता येत नाही. राष्ट्रीय आराखड्यानेही पहिल्या वाचनासाठी मातृभाषेचा वा परिचित भाषेचा आग्रह धरला आहे. मराठीचा हा आरंभ घरी झाला नाही, तर मराठी शाळा नसलेल्या गावी तो पुढे आपोआप होण्याची शक्यता फार थोडी.

गणनेतही भाषेचा असाच गुंता आहे. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र वीस आधी. त्यामुळे मूल २१ ऐकून १२ लिहिते आणि त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उसळला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे मांडली होती. वादात कोणाचा पक्ष बरोबर हा प्रश्न येथे गौण आहे. पालकाने एवढे पाहावे की निवडलेल्या पुस्तकात दशक आणि एकक आधी हाताळावयास मिळतात की नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या मुलाने स्वतः मांडल्या, म्हणजे 'एकवीस' हे केवळ नाव राहत नाही. पाढे अवश्य पाठ व्हावेत; मात्र ते या मांडणीच्या मागून यावेत, पुढून नव्हे.

उरलेल्या विषयांना तयार संचाची फारशी आवश्यकता नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेव्हा मुलांची बोटे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून फिरविली. त्यांच्या साधनांचे महागडे संच आज विकले जातात. पण हाताने शिकावे हे त्यातील तत्त्व भारतात स्वस्तात आणून दाखविण्याचे काम झालेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी तेथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच शैक्षणिक साधने बनविले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. शिक्षण मुलाच्या अंगणातून सुरू होऊ शकते, याचा याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही. गोष्टी, गाणी, बागेतील किडे, स्वयंपाकघरातील मापे, शेजारच्या सुताराचे काम यांतून भूगोल, विज्ञान आणि व्यवहार या वयात पुरेसा येतो.

निवड करताना मुलाइतकाच शिकविणाऱ्याचाही विचार हवा. हे काम बहुतेक घरांत आईवर पडते, आणि अभ्यासक्रम निवडणारे ही गोष्ट हिशेबात धरीत नाहीत. रोज रात्री तासभर तयारी मागणारा उत्तम अभ्यासक्रम दोन महिन्यांत बंद पडतो. साधा पण झेपणारा वर्षभर चालतो. कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरविले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. ते भरलेल्या वर्गासाठी आहेत. एका मुलाला समोर बसवून दीड-दोन तास नेमाने शिकविले तर या वयाला ते पुष्कळ झाले. उरलेला वेळ खेळाला आणि इतर मुलांच्या सहवासाला मिळाला पाहिजे, कारण ती सोबत कोणत्याच संचात मिळत नाही.

एकदा निवडलेल्या क्रमाला निदान तीन-चार महिने द्यावेत. दुसऱ्या घरचे मूल पुढे गेलेले पाहून दर पंधरवड्याला पुस्तके बदलण्याने मूल प्रत्येक वेळी पहिल्या धड्यावर येते. मूल रोज रडत असेल, किंवा न समजता केवळ पाने भरत असेल, तर मात्र थांबून एक पायरी मागे यावे. ज्या दिवशी ते शाळेत पाऊल टाकील, त्या दिवशी त्याने कोणता संच पुरा केला हे तेथे कोणी विचारणार नाही. त्याच्यापुढे एक पुस्तक उघडले जाईल आणि ते वाचून त्यात काय आहे ते सांग, एवढेच विचारले जाईल. ते त्याला न भिता सांगता आले, की घरी घातलेला क्रम योग्य होता असे समजावे.