विश्लेषण : साथीतून वाचलेल्या तारामाशांची जनुके काय सांगतात?

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ पासून अब्जावधी तारामासे अक्षरशः विरघळून मेले. या साथीमागचा जिवाणू शोधायला २०२५ साल उजाडले. मात्र वाचलेल्या तारामाशांची जनुके आधीच्या पिढीपेक्षा वेगळी असल्याचे त्यापूर्वीच समोर आले होते. त्याविषयी...

साथ किती मोठी होती?

आधी अंगावर पांढरे चट्टे, मग भुजा गळून पडणे आणि काही दिवसांत शरीराचा लगदा, अशी या रोगाची लक्षणे. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत २० हून अधिक प्रजातींना त्याने ग्रासले. सर्वाधिक फटका बसला तो २४ पर्यंत भुजा असलेल्या सूर्यफूल तारामाशाला. त्याची ९० टक्क्यांहून अधिक संख्या नष्ट झाली आणि आता तो अतिसंकटग्रस्त मानला जातो.

तारामासे एवढे महत्त्वाचे का?

परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका खडकाळ किनाऱ्यावरून जांभळे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. भक्षक नाहीसा होताच शिंपल्यांनी (गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्या जातकुळीतले) खडक व्यापले. तिथल्या १५ प्रजातींपैकी आठच उरल्या. यातूनच १९६९ मध्ये पेन यांनी ‘कीस्टोन’ प्रजाती ही संकल्पना मांडली. कमानीतला मधला दगड काढला की कमान ढासळते, तसेच हे. सूर्यफूल तारामासा काटेरी सी अर्चिन खातो. तो गेल्यावर अर्चिनची संख्या बेसुमार वाढली. त्यातच समुद्रात उष्णतेची लाट आली आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्प या महाकाय शेवाळाची ९० टक्क्यांहून अधिक जंगले संपली. केल्पवर जगणारी ॲबलोनी ही गोगलगाय उपासमारीने मेली आणि २०१८ मध्ये तिची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

जनुकांमध्ये काय बदलले?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड येथील संशोधकांकडे साथीपूर्वी, २०१२ मध्ये गोळा केलेले जांभळ्या तारामाशाचे नमुने होते. उत्तर-मध्य कॅलिफोर्नियात साथीने या प्रजातीचे ८१ टक्के तारामासे मारले. पाठोपाठ पिल्लांची संख्या मात्र ७४ पटींनी वाढली. साथीपूर्वीचे तारामासे, वाचलेले प्रौढ आणि नवी पिल्ले या तीन गटांच्या डीएनएची तुलना केली असता तीन जागी सारखाच बदल आढळला. वाचलेल्यांमध्ये जी रूपे वाढली, तीच पिल्लांमध्येही वाढलेली होती. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘पीएनएएस’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा केवळ योगायोग नाही का?

संख्या अचानक घटली की जनुकांची रूपे योगायोगानेही बदलतात. पण योगायोग दरवेळी त्याच दिशेने जात नाही. वेगवेगळ्या ठिकाणी एकच बदल दिसला, तर ती नैसर्गिक निवड असण्याची शक्यता वाढते. शिवाय तारामाशांच्या अळ्या अनेक आठवडे प्रवाहासोबत वाहतात. त्यामुळे दूरदूरच्या किनाऱ्यांवरील जनुके मिसळत राहतात. असे असूनही बदल टिकून दिसला, हे विशेष. अर्थात, या तीन खुणा म्हणजेच रोगप्रतिकारक जनुके, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

रोगाचे कारण कसे सापडले?

सुरुवातीला एका विषाणूवर संशय होता, तो टिकला नाही. अखेर आजारी सूर्यफूल तारामाशांच्या शरीरातील द्रव निरोगी तारामाशांना टोचण्यात आला. ते आजारी पडले. तोच द्रव तापवून टोचला, तेव्हा काहीच झाले नाही. म्हणजे कारण सजीव होते. ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जिवाणू वेगळा करून टोचल्यावर रोग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हे संशोधन जाहीर झाले. कॉलरादेखील व्हिब्रिओ कुळातल्याच जिवाणूमुळे होतो.

पुढे काय?

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामाशांची पैदास सुरू आहे. आता जिवाणू माहीत असल्याने कोणते तारामासे तग धरतात हे तपासणे शक्य आहे. मात्र मोजक्याच पालकांपासून पैदास केली, तर जनुकीय वैविध्य घटेल आणि पुढची साथ पुन्हा सगळ्यांना गाठेल. त्यामुळे समुद्रात किती तारामासे सोडले याइतकेच, ते किती वेगवेगळ्या पालकांचे आहेत हेही महत्त्वाचे ठरणार आहे.