गुडघेदुखी, घरचा व्यायाम आणि मोबाइलचा निरोप

शेतकऱ्याचें निम्में काम गुडघ्यांच्या बळावर चालतें. उकिडवें बसून खुरपणें, चिखलांत लावणी करणें, पोतें घेऊन उठणें, या सर्वांचा भार त्यांवरच पडतो. उतारवयांत सांधा दुखूं लागला कीं ‘गुडघा झिजला, आतां बसून राहावें’ असें पुष्कळांस वाटतें. हा समज घातक आहे. बसून राहिल्यानें मांडीचे स्नायु दुबळे होतात, सांध्यास आधार उरत नाहीं आणि दुखणें बळावतें. या विकारांत व्यायाम हा मुख्य उपचारांपैकीं एक होय, असें तज्ज्ञांचें मत आहे.

परंतु व्यायाम शिकविणारा जाणकार बहुधा दूर शहरांत असतो. आणि शिकून घरीं आल्यावरहि थोड्याच दिवसांत आळस आडवा येतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठानें यावर एक उपाय करून पाहिला. त्याचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या २०६ रुग्णांचे दोन गट केले. एकास संकेतस्थळावरून केवळ रोगाची माहिती दिली. दुसऱ्यास तिच्या जोडीला पाय बळकट करण्याचे व्यायाम आठवड्यांतून तीनदां, चोवीस आठवडे करावयास सांगितले. मोबाइलवर आपोआप येणारे निरोप ‘या आठवड्यांत व्यायाम किती वेळां झाला?’ असें विचारीत. कमी झाला असल्यास अडचण विचारून तीवर तोडगा सुचवीत. अखेरीस या गटांत शेंकडा ७२ जणांच्या वेदना लक्षांत येण्याइतक्या कमी झाल्या. नुसती माहिती मिळालेल्यांत शेंकडा ४२ जणांच्या. माहितीवाल्यांतहि इतक्यांस आराम पडला, यावरून सारें श्रेय मोबाइलचें नव्हे हें उघड आहे; तथापि उरलेला फरक लहान नाहीं.

आमच्या वाचकांनीं यांतून घ्यावयाचें तें असें: प्रथम वैद्यकीय तपासणी करून व्यायाम नीट शिकून घ्यावे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणें, खुर्चीवरून सावकाश उठणें-बसणें, हे त्यांतील साधे प्रकार होत. मोबाइलमध्यें ठराविक तीन वारांचा गजर लावावा आणि केलेल्या व्यायामाची नोंद दुधाच्या हिशेबाप्रमाणें वहींत ठेवावी. व्यायामानें थोडें दुखलें व दुसऱ्या दिवशीं शमलें, तर भिऊं नये. न शमल्यास प्रमाण कमी करावें. गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, अथवा मार लागून पाय टेकवेनासा झाला, तर मात्र विनाविलंब डॉक्टर गांठावा. मोबाइल आठवण करून देईल. उठणें आपल्यासच पाहिजे.