चित्रग्रीव आणि लहान बोअरची बंदूक

हितोपदेशातली चित्रग्रीवाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. निर्जन रानात तांदळाचे दाणे पाहून कबुतरांचा थवा खाली उतरू पाहतो. राजा चित्रग्रीव विचारतो, जिथे माणसाची वस्ती नाही तिथे तांदूळ आले कुठून? थव्यातला एक शहाणा त्याचे म्हणणे उडवून लावतो, सगळे उतरतात आणि जाळ्यात सापडतात. जाळ्यासकट उडून जाण्याचा पुढचा भाग आपण एकीचे बळ म्हणून पाठ केला. पारध्याची बाजू मात्र आपण कधी विचारली नाही. कबुतरे कशाला भुलतात, किती जवळ येतात, कुठे बिचकतात, हे त्याला ठाऊक असल्याखेरीज त्याचे जाळे रिकामेच राहिले असते.

इंग्लंडमधल्या शेतांवर हीच विद्या आजही चालू आहे. तिथे जाळ्याच्या जागी छऱ्यांची बंदूक आली आणि दाण्यांच्या जागी खोटी कबुतरे. या शिकाऱ्यांपैकी काही जण नेहमीची बारा बोअरची बंदूक मुद्दाम घरी ठेवतात आणि वीस, अठ्ठावीस किंवा चारशे दहाची लहान बंदूक घेऊन लपणात बसतात. वरवर पाहता ही हौशी माणसांची लहर वाटेल. पण पक्षी जवळ आणण्याचे ज्ञान आणि त्याला मारण्याचे साधन यांचे नाते काय, आणि दोहोंचा मेळ बसला नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या निवडीत दडलेला आहे.

शेतातला पाहुणा

ज्या पक्ष्याविषयी बोलायचे तो आपल्या गच्चीवरचा पारवा नव्हे. इंग्रज त्याला वुडपिजन म्हणतात. आपण त्याला रानकबूतर म्हणू. पारव्यापेक्षा तो बराच मोठा असतो, वजन साधारण अर्धा किलो. छाती गुलाबी झाक असलेली, पंखांवर उडताना चमकणारा पांढरा पट्टा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग. चित्रग्रीव म्हणजे चित्रविचित्र मानेचा. हे नाव या पक्ष्यालाही शोभले असते.

ब्रिटनमध्ये त्याच्या विणीच्या सुमारे ५० लाख जोड्या आहेत. ही भरभराट शेतीने घडवली. पूर्वी हिवाळा हा त्याचा कसोटीचा काळ असे. बर्फाखाली क्लोव्हरची पाने संपली की दुबळे पक्षी मरत. १९७०नंतर मोहरीच्या कुळातल्या रेप या तेलबियांचा पेरा वाढला, शेते हिवाळाभर हिरवी राहू लागली आणि रानकबुतराला उपासाचा काळ उरला नाही. वाटाणा, कोबी, नुकती पेरलेली आणि आडवी झालेली गहू-बार्ली यांवरही त्याचे थवे उतरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो उपद्रवी आहे. म्हणून त्याच्या शिकारीला खेळाचा नव्हे, तर पीकसंरक्षणाचा परवाना लागतो. १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याखाली सरकार सर्वसाधारण परवाने काढते. २०१९मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने या परवान्यांच्या वैधतेला आव्हान दिले, तेव्हा नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने ते मागे घेतले. पुढे नव्या अटींसह ते पुन्हा निघाले, पण कबूतर मारण्यामागे गंभीर नुकसानीचे कारण हवे, ही गोष्ट तेव्हापासून सर्वांच्या ध्यानात राहिली.

फसवा थवा

डिकॉय हा इंग्रजी शब्द बहुधा डच भाषेतून आला. तिथे ‘कोई’ म्हणजे पिंजरा. बदके हुलकावून आत घेण्याच्या तळ्यांना हे नाव होते. आपल्याकडे फासेपारधी माणसाळवलेला तित्तर पिंजऱ्यातून रानात नेत. त्याची साद ऐकून रानातला तित्तर चवताळून येई आणि पेरलेल्या फाशांत अडके. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही पारध गुन्हा ठरली. दोन्हीकडे पक्ष्याला पक्ष्यानेच भुलवायचे असले, तरी भुलण्याचे कारण वेगळे आहे. तित्तर येतो तो हद्दीच्या भांडणासाठी. रानकबूतर येते ते भुकेपोटी. चार भाईबंद निर्धास्त टिपताना दिसले की तिथे खायला आहे आणि धोका नाही, असा त्याचा हिशेब असतो. चित्रग्रीवाच्या थव्याला दाणे दिसले होते. या थव्याला दाण्यांची साक्ष देणारे जातभाई दिसतात.

ब्रिटिश कायद्यानुसार बांधलेला किंवा जखमी असा जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरता येत नाही. म्हणून प्लॅस्टिकची कबुतरे किंवा आदल्या खेपेला मारलेले पक्षी मांडतात. ती मांडणी अंदाधुंद नसते. कबूतर वाऱ्याला तोंड करून उतरते, त्यामुळे लपण शक्यतो वारा पाठीवर घेऊन उभारायचे आणि समोर घोड्याच्या नालाच्या आकारात पक्षी मांडून मध्ये मोकळी जागा ठेवायची. येणाऱ्या पक्ष्याला उतरायला तीच जागा सोयीची वाटते. मेलेल्या पक्ष्याची मान काडीने सावरतात, पंख मिटून ठेवतात. उताणा पडलेला, पोटाचा फिकट रंग दाखवणारा पक्षी लगेच उचलावा लागतो, कारण तो वरच्यांना सगळे सांगून टाकतो.

पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. रानकबूतर दचकून उडते तेव्हा तो पट्टा झळकतो. थव्याच्या भाषेत ती धोक्याची खूण आहे. सरकारी कृषी संशोधकांनी १९८०च्या सुमारास निरनिराळ्या ढंगांत कबुतरे मांडून पाहिली. पंख पसरून पट्टे उघडे टाकलेली कबुतरे पाहून थवे उतरायचे टाळतात असे त्यांना आढळले. त्यांचा हेतू शिकार हा नव्हताच. पीक राखणारे बुजगावणे त्यांना हवे होते. गंमत अशी की आज शिकारी बॅटरीवर गरगर फिरणाऱ्या दांड्यांवर पंख पसरलेलीच कबुतरे लावतात. तिथे तोच पट्टा उतरणाऱ्या पक्ष्याचा भास देतो. चिन्ह एकच, पण हालचाल आणि जागा बदलली की अर्थ उलटतो.

या विद्येचे गुरू म्हणून मेजर आर्ची कोट्स यांचे नाव घेतात. सैन्यातून निवृत्त झाल्यावर हॅम्पशायरमधल्या शेतकऱ्यांसाठी कबुतरे मारणे हाच त्यांनी व्यवसाय केला. जानेवारी १९६२मध्ये एका दिवसात त्यांनी ५५० पक्षी पाडले आणि १९६३मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. बंदुकीपेक्षा टेहळणीवर त्यांचा भर असे: थवे कोणत्या झाडीतून निघतात, कोणत्या वाटेने जातात, कोणत्या शेतात उतरतात, हे आधी दुर्बिणीने पाहायचे आणि मगच लपण बांधायचे.

बोअर म्हणजे काय?

‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द मराठी शिकारकथांतून आपल्या कानावर असतो. पण बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, विसाचा १५.६ आणि अठ्ठाविसाचा १४. चारशे दहा मात्र या हिशेबात बसत नाही. तो इंचाच्या हजारांशांतला व्यास आहे, म्हणजे १०.४ मिलिमीटर. ही नळी भारतालाही अनोळखी नाही. इंग्रजी अमलात इछापूरच्या कारखान्यात जुन्या लष्करी रायफली बदलून चारशे दहाच्या मस्केट बनवल्या गेल्या आणि त्या पोलिसांच्या हाती दिल्या गेल्या.

लहान बंदुकीचे फायदे उघड आहेत. ती वजनाला हलकी, खांद्याला धक्का कमी, अरुंद लपणात वळवायला सोपी. दिवसभर बसणाऱ्या वयस्कर माणसाला किंवा नवशिक्याला ती मानवते. चारशे दहाचा आवाजही कमी असतो.

तिच्याविषयी एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो: लहान बोअर ‘हळू’ मारते. तसे नाही. छरा अठ्ठाविसातून सुटो की बारातून, त्याचा वेग साधारण तोच असतो आणि सारख्या आकाराचा छरा सारखाच खोल शिरतो. फरक पडतो तो छऱ्यांच्या संख्येत.

अंतराचे गणित

बंदुकीची परीक्षा ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर घेतात. कागदावर ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढायचे आणि त्यात किती छरे लागले ते मोजायचे. रानकबुतरासाठी त्या वर्तुळात सुमारे १३० छरे हवेत, असा ब्रिटनमधला जुना ठोकताळा आहे. त्याहून कमी असले तर छऱ्यांच्या जाळीत अशी भोके राहतात की पक्षी त्यातून निसटतो, किंवा एकदोन छरे घेऊन निघून जातो.

बारा बोअरच्या काडतुसात एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, सहा नंबरचे छरे धरले तर ते २७० भरतात. नळीचे तोंड किंचित आवळलेले असेल, तर ४० यार्डांवर निम्मे वर्तुळात पडतात: १३५. काम भागते. अठ्ठाविसात २१ ग्रॅम, त्याहून बारीक सात नंबरचे, सुमारे २५५ छरे येतात. तोंड अधिक आवळले तर कागदावर तीही कमी पडत नाही. पण बारीक छऱ्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून जाणते ३० यार्डांच्या आसपास थांबतात. चारशे दहाच्या आखूड काडतुसात साडेबारा ग्रॅमच मावतात, म्हणजे सुमारे १५० छरे. ४० यार्डांवर त्यांतले ६० टक्के धरले तर उरतात ९०. त्याच बंदुकीने ३० यार्डांवर ८३ टक्के छरे वर्तुळात येतात, म्हणजे सुमारे १२५. आणि २५ यार्डांवर ठोकताळा ओलांडला जातो.

व्यवहारात हे आकडे आणखी घसरतात. बारीक नळीत छऱ्यांचा लांबट स्तंभ होतो. त्यातले अनेक छरे दाबाने आणि नळीशी घासून चपटे होतात आणि वाट सोडतात. म्हणून त्या बंदुकीला १० यार्ड म्हणजे सगळा फरक.

इथे फसव्या पक्ष्यांची मांडणी आणि बंदुकीचा बोअर एकत्र येतात. ज्याच्या हाती बारा बोअर आहे त्याला ढिसाळ मांडणी एक वेळ चालून जाईल. बिचकून वळलेला पक्षी ३५ यार्डांवरही त्याच्या आवाक्यात असतो. चारशे दहावाल्याला पक्षी पंख रोखून, पाय सोडून उतरण्याच्या बेतात असताना हवा. म्हणून तो वाऱ्याचा अंदाज दोनदा घेतो, लपण अधिक दाट करतो, चेहरा झाकतो. सगळ्यात लांबचे खोटे कबूतर तो पावले मोजून ठेवतो आणि त्यापलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलत नाही. नळी जितकी बारीक, तितके पक्ष्याचे ज्ञान अधिक लागते.

किंमत कोण मोजतो?

पण या संयमाची परीक्षा पाहणारे कोणी नसते. सकाळपासून थवे लांबूनच वळत असले, तर दुपारी तिशीची मर्यादा पस्तिशीवर जाते. शिकारी म्हणतो, ‘मी स्वतःला अवघड करून घेतले आहे.’ खेळ म्हणून ते खरे असेल. पण चाळीस यार्डांवर दोन छरे पोटात घेऊन झाडीत जाणाऱ्या पक्ष्याने ती अट मान्य केलेली नसते. रानकबुतराची वीण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, धान्य पिकण्याच्या वेळी, ऐन भरात असते आणि कापणी झालेल्या शेतांवर डिकॉय मांडण्याचा हंगामही तोच. जखमी होऊन परतलेल्या किंवा न परतलेल्या पक्ष्यामागे घरट्यात दोन पिल्ले असू शकतात.

शिवाय, एवढ्या मारण्याने पीक वाचते का? रॉन मर्टन या शास्त्रज्ञाने केंब्रिजशायरमधल्या कार्ल्टन या गावी रानकबुतरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याला असे दिसले की हिवाळ्यात मारलेले पक्षी बहुतांशी अन्नाअभावी मरणारेच होते. गोळी घालून त्यांची जागा रिकामी केली, तर उरलेल्यांना अन्न पुरत असे आणि वसंतात संख्या जवळजवळ तीच राही. त्या काळी सरकार शेतकऱ्यांना कबुतरांसाठी सवलतीत काडतुसे देत असे. ती सवलत पुढे बंद झाली. एखादे कोवळे शेत त्या आठवड्यापुरते राखायचे तर लपण आणि बंदूक उपयोगी पडते. देशातली कबुतरे कमी करण्याचे साधन ती नाही. पीकसंरक्षणाचे कारण हे असे मर्यादित आहे, आणि म्हणूनच प्रत्येक बार स्वच्छ असण्याची जबाबदारी वाढते.

आता या चर्चेत शिशाचा प्रश्न आला आहे. शिसे विषारी आहे. विखुरलेले छरे पक्षी खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये १९९९पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरता येत नाहीत. २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने शिकारीतल्या शिशावर टप्प्याटप्प्याने व्यापक बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. पर्याय म्हणून पोलाद स्वस्त आहे, पण शिशापेक्षा बरेच हलके. तेवढाच जोर टिकवायचा तर छरा मोठा घ्यावा लागतो आणि मोठे छरे काडतुसात कमी मावतात. बारा बोअर हा तोटा सोसू शकते. चारशे दहाच्या काडतुसात मुळातच जागा नाही. बिस्मथ चालते, पण महाग पडते. लहान बोअरची हौस पुढे कशी टिकेल हे आता धातूही ठरवणार आहे. एक शक्यता अशी की अंतर आणखी घटेल आणि तीसची मर्यादा वीस-पंचविसावर येईल.

तसे झाले तर लपणात बसलेल्याला कबूतर आणखी जवळ आणावे लागेल; इतके जवळ की त्याच्या मानेवरचा पांढरा डाग आणि डोळ्याचे पिवळट कडे स्पष्ट दिसावे. तेवढ्यावरून बार टाकणे काहींना सोपे वाटेल, काहींना जड जाईल. हितोपदेशातला पारधी दाणे फेकून आडोशाला बसला तेव्हा त्याने चित्रग्रीवाला किती जवळून पाहिले असेल, हे गोष्ट सांगत नाही. इंग्लंडमधल्या शेताच्या कडेला बारीक नळीची बंदूक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला मात्र ते अंतर पावलांनी मोजावे लागते, आणि त्यापलीकडून जाणारा पक्षी जाऊ द्यावा लागतो.